चांदणी चौकाचा चढ आणि विजेची सायकल

पुणे सपाट आहे असे म्हणणारा माणूस बहुधा पेठांमध्ये वाढलेला असतो. शनिवारातून मंडई, मंडईतून लक्ष्मी रस्ता, तिथून डेक्कन असा दिवसभर सायकलवर हिंडला तरी त्याला चढ असा फारसा लागत नाही. नदीवरचा पूल चढताना पायडलवर जरा जोर द्यावा लागतो, एवढेच. मुठेच्या काठची ही जुनी वस्ती म्हणजे बशीचा तळ. पण बशीला काठही असतात. दक्षिणेला कात्रज, नैर्ऋत्येला सिंहगडाकडे जाणाऱ्या डोंगररांगा, पश्चिमेला वेताळ टेकडी, तिच्या पुढे बाणेर-पाषाणच्या टेकड्या. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर, तर वेताळ टेकडीचा माथा सुमारे ८०० मीटरवर. एकेकाळी या टेकड्यांवर पुणेकर फक्त फिरायला जात असत. आज त्यांच्या उतारांवर आणि त्यांच्या पलीकडे निम्मे पुणे राहते, आणि रोज सकाळी डबा घेऊन त्या ओलांडते.

हा बदल एका दिवसात झालेला नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. त्यानंतर पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती टेकड्यांच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. मग कोथरूड, बिबवेवाडी, धनकवडी, पुढे बावधन, कोंढवा. शहर काठाकडे सरकत गेले आणि पुणेकराच्या सायकलला चढ लागू लागला. सायकलींचे शहर म्हणून पुण्याचा लौकिक होता. डबलसीट जाताना पोलिस दिसला की मागच्याने टुणकन उडी मारायची, संध्याकाळी दिवा नसेल तर सायकल हातात धरून चालायचे, हे सगळे करून झालेली पिढी अजून शहरात आहे. त्या पिढीची सायकल गेली ती गरिबी हटल्यामुळे, असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. घर चढावर गेले, हेही एक कारण होते.

या चढावर पुण्याने एक उत्तर पूर्वीच शोधले होते. १९७२ साली पुण्याच्या फिरोदिया घराण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने ‘लूना’ आणली. पन्नास सी.सी.चे चिमुकले इंजिन आणि त्याला चक्क सायकलसारखी पायडले. गाडी सुरू करायला पायडल मारायचे, आणि चढ आला, मागे कोणी बसले असले, इंजिन कुंथू लागले की पुन्हा पायडल मारून त्याला हातभार लावायचा. हातभार नव्हे, पायभार म्हणायला हवे! माणूस आणि यंत्र यांनी मिळून चढ चढायचा ही कल्पना म्हणजेच आजची विजेची सायकल. फरक एवढाच की तेव्हा मुख्य जोर इंजिनाचा आणि मदत माणसाची होती. आता जोर माणसाचा आणि मदत मोटरीची असते. (लूनाही २०२४ साली विजेवर परत आली आहे, पण ती आता पायडल नसलेली दुचाकी आहे.)

विजेवर चालणाऱ्या सायकलीचे पेटंट अमेरिकेत १८९५ सालीच ऑग्डन बोल्टन नावाच्या गृहस्थाने घेतले होते. मोटर मागच्या चाकात, बॅटरी दांडीखाली. चित्र पाहिले तर आजच्या दुकानातली सायकल वाटावी. पण पायाच्या जोरानुसार मोटरीने आपोआप साथ द्यायची, ही युक्ती बाजारात आली ती १९९३ साली जपानमध्ये, यामाहाच्या ‘पास’ या सायकलीतून. भारतात या सायकली खऱ्या अर्थाने दिसू लागल्या त्या गेल्या दहाएक वर्षांत. हीरो लेक्ट्रो, पुण्यातच जन्मलेली ई-मोटोराड आणि अशीच आणखी काही नावे आता दुकानांच्या पाट्यांवर दिसतात. मराठीत ‘ई-बाईक’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर स्कूटर येते. इथे विषय आहे तो पायडल असलेल्या, चेन असलेल्या, प्रसंगी मोटर बंद करूनही चालवता येणाऱ्या सायकलीचा.

टेकडीला वळसा

कोथरूड आणि पाषाण ही दोन उपनगरे नकाशावर शेजारी आहेत. मध्ये वेताळ टेकडी आडवी पडली आहे. पक्षी सरळ जातो. माणसाला वळसा घ्यावा लागतो. एक वळसा पूर्वेकडून : लॉ कॉलेज रस्ता, सेनापती बापट रस्ता, चतुःश्रृंगीच्या पायथ्यावरून विद्यापीठ चौक आणि मग पाषाण रस्ता. या वाटेवरचा चढ सौम्य आहे, पण विद्यापीठ चौकातली गर्दी सौम्य नाही. दुसरा वळसा पश्चिमेकडून : पौड रस्त्याने चांदणी चौक, तिथून बावधन आणि मग पाषाण. ही वाट जवळची आणि चढाची.

पौड फाट्यावर दशभुजा गणपतीला हात जोडून निघाले की आनंदनगर, वनाजपर्यंत रस्ता जवळजवळ सपाट वाटतो. वाटतो एवढेच. सायकलवाल्याला मात्र कळते की आपण फसवले जात आहोत, कारण पायडल थांबवले की सायकल लगेच थांबू लागते. मार्च २०२२ मध्ये इथे वनाजपर्यंत मेट्रो आली. मेट्रोने पुढे चांदणी चौकापर्यंत जावे याला केंद्र सरकारने २०२५ साली मंजुरी दिली, पण डोक्यावरचे खांब तूर्त वनाजला संपतात. कोथरूड डेपो मागे पडला, भुसारी कॉलनी आली की रस्ता आपले खरे रूप दाखवतो. उजवीकडे टेकडीची हिरवी-पिवळी कड, डावीकडे इमारती, आणि समोर नाक वर करून निघालेला डांबरी पट्टा. याच रस्त्याने पुढे पौड आणि मुळशी. १९२१ साली ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह उभारला ते मुळशी. म्हणजे टेकडीच्या एका अंगाला बापटांच्या नावाचा रस्ता आणि दुसऱ्या अंगाला त्यांच्या लढ्याच्या गावाकडे जाणारा.

चांदणी चौक हा चौक राहिलेला नाही. मुंबई-बंगळूर महामार्ग इथून जातो. त्यावरचा जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे स्फोटके लावून पाडला, तेव्हा पुणेकर मध्यरात्रीपर्यंत जागून टीव्हीसमोर बसले होते. ऑगस्ट २०२३ मध्ये नव्या पुलांचा आणि रॅम्पचा गुंता खुला झाला. मोटारींची सोय झाली हे खरेच. पण सायकलवाल्याच्या दृष्टीने पाहिले तर हे वळण कोणत्या रॅम्पचे, मागून येणारा ट्रक सरळ जाणार की डावीकडे, आणि आपण चढावर ताशी सहा किलोमीटरने डगमगत असताना त्याला आपण दिसणार की नाही, हे प्रश्न तिथे रोज पडतात. माथा ओलांडला की बावधनकडे उतार. मग राम नदीचे छोटेसे खोरे, पाषाणचा तलाव, सकाळच्या वेळी तलावावरून येणारे गार वारे. पुण्यात रोज कामाला जाताना इतका सुंदर तुकडा फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

कोथरूडच्या एका जुन्या सोसायटीत राहणाऱ्या आणि पाषाणच्या एका शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंच्या वाट्याला तो आला आहे. वय सत्तेचाळीस. अंतर आठ किलोमीटर, जाऊन-येऊन सोळा. इतकी वर्षे बसने, रिक्षाने आणि सहकाऱ्यांच्या गाडीवर मागे बसून त्या जात. गेल्या वर्षी डॉक्टरांनी रक्तातली साखर काठावर असल्याचे सांगितले आणि रोज चाळीस मिनिटे व्यायाम करा म्हणाले. ज्या बाईला सकाळी सहाला दोन डबे करून सातला घर सोडायचे असते तिने ही चाळीस मिनिटे आणायची कुठून? जाण्यायेण्यातून, असे त्यांना वाटले. त्यांनी मुलाची जुनी गिअरची सायकल काढली, हवा भरली आणि निघाल्या. भुसारी कॉलनीच्या पुढे उतरल्या. उरलेला चढ सायकल ढकलत चढल्या आणि पहिल्या तासाला वर्गात शिरल्या तेव्हा साडी घामाने चिंब होती. चार दिवसांनी सायकल पुन्हा जिन्याखाली गेली.

“अगं, सरळ इलेक्ट्रिक स्कूटर घेऊ या,” यजमान म्हणाले.

“अहो, स्कूटरवर बसून साखर कमी होते का?” बाई म्हणाल्या.

घराघरांत आज जी चर्चा चालते तिचा सारा पेच या दोन वाक्यांत आहे. स्कूटर सोयीची आहे, वेगवान आहे, पाऊस-चिखलात भरवशाची आहे. ज्याला फक्त पोहोचायचे आहे त्याने खुशाल स्कूटर घ्यावी. ज्याला पोहोचायचेही आहे आणि पाय हलवायचेही आहेत, पण चढ मध्ये येतो, त्याच्यासाठी ही सायकल आहे.

चढाचे गणित

चढावर नेमके काय होते? बाईंचे वजन, पाठीवरची पिशवी आणि सायकल मिळून ९० किलो धरू. दर शंभर मीटरला पाच मीटर उंची, असा चढ धरू. ताशी १२ किलोमीटरने तो चढायचा तर चाकाशी सुमारे १९० वॅट ताकद लागते. खेळाडू नसलेला मध्यमवयीन माणूस दम न लागता सत्तर ते शंभर वॅट देऊ शकतो. तेवढ्या ताकदीवर याच चढाला वेग मिळतो ताशी पाच-सहा किलोमीटर, म्हणजे भराभर चालणाऱ्या माणसाएवढा. इतक्या कमी वेगात सायकलचा तोल राहत नाही. हँडल डावी-उजवीकडे जाते आणि मागच्या मोटारीचा हॉर्न वाजतो. उतरावे लागते ते दम लागला म्हणूनच नव्हे, तोल जातो म्हणूनही. मोटरीने जर शंभर वॅट घातले तर तीच बाई तेवढ्याच श्रमात दुप्पट वेगाने, सरळ रेषेत चढ चढते. सुरक्षितपणाच्या दृष्टीने ही गोष्ट घामापेक्षा महत्त्वाची आहे, आणि दुकानात ती कोणी सांगत नाही.

दुकानात सांगतात ते निराळे. “मॅडम, एका चार्जमध्ये साठ किलोमीटर जाते!” हा आकडा खोटा नसतो, तो सपाट रस्त्यावरचा, हलक्या स्वाराचा, सर्वांत कमी मदतीचा असतो. चढाच्या माणसाने किलोमीटर विचारूच नयेत. बॅटरीवर दोन आकडे छापलेले असतात, व्होल्ट आणि अँपिअर-तास. त्यांचा गुणाकार करावा. ३६ व्होल्ट आणि ७.८ अँपिअर-तास म्हणजे सुमारे २८० वॅट-तास. ३६ आणि १०.४ म्हणजे सुमारे ३७५. चढउताराच्या रस्त्यावर किलोमीटरला दहा-बारा वॅट-तास लागतात असे धरले तर सोळा किलोमीटरला १६० ते १९० लागतील. म्हणजे लहान बॅटरी पुरली की! पुरली, पण नवी असताना. वापराने बॅटरीची धारणशक्ती घटत जाते. तीच बॅटरी काही वर्षांनी दोनशेवर आली म्हणजे ती ऐन संध्याकाळी, बावधनचा चढ समोर असताना मान टाकणार. म्हणून या वाटेसाठी मोठी बॅटरी. विजेचा खर्च विचाराल तर मोठी बॅटरी पूर्ण भरायला अर्धा युनिटही लागत नाही. खरा खर्च पुढे कधीतरी नवी बॅटरी घेण्याचा आहे. तिची आजची किंमत आणि ती तीन-चार वर्षांनीही मिळेल याची शाश्वती, या दोन गोष्टी सायकल घेण्याआधी विचाराव्यात. याच प्रश्नावर दुकानदाराचा चेहरा बारकाईने पाहावा.

इथे वाटेचा स्वभावही लक्षात घ्यायला हवा. कात्रजला राहून स्वारगेटला नोकरी करणारा सकाळी उताराने येतो आणि संध्याकाळी थकलेला असताना, निम्मी बॅटरी उरलेली असताना चढ चढतो. घामाची त्याला चिंता नाही, घरी जाऊन अंघोळच करायची असते. कोथरूड-पाषाण या वाटेला माथा मध्ये असल्याने जातानाही चढ आणि येतानाही चढ. शाळेत स्वच्छ कपड्यांत पोहोचायचे तर सकाळी मदत जास्त घ्यायची, संध्याकाळी कमी. ज्याचे घर वर आणि काम खाली, आणि ज्याचे घर खाली आणि काम वर, त्या दोघांना एकच सायकल चालेलच असे नाही.

“उतारावर बॅटरी आपोआप भरते ना?” हा प्रश्न हमखास विचारला जातो. बहुतेक सायकलींत भरत नाही. चाकातल्या मोटरीत छोटे गिअर आणि मोकळे फिरणारे चाक असते; उतारावर मोटर सुटी होते आणि सायकल साध्या सायकलीसारखी धावते. ते बरेच आहे, नाहीतर मोटर बंद असताना सायकल जड ओढावी लागली असती.

मोटर कुठे बसवली आहे यावरून मोठा फरक पडतो. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींत ती मागच्या चाकाच्या तुंब्यात असते. स्वस्त, सुटसुटीत, दुरुस्तीला सोपी. दुसरा प्रकार म्हणजे पायडलच्या आसाशी, मध्यभागी बसवलेली मोटर. ती चेनमधून जोर लावते, त्यामुळे तिला सायकलच्या गिअरचा फायदा मिळतो. चढ आला की माणूस जसा हलका गिअर टाकतो तसा तो मोटरीलाही मिळतो. डोंगराळ प्रदेशात युरोपीय लोक हीच पसंत करतात. पण ती महाग, आणि चेन लवकर झिजते. चाकातली मोटर मात्र चाकाच्याच गतीने बांधलेली असते. तीव्र चढावर वेग फार पडला की ती वीज खाते, तापते आणि काम मात्र कमी करते. म्हणून चाकातली मोटर घेणाऱ्याने एक गोष्ट सोडू नये : सायकलला गिअर हवेतच. बिनगिअरची विजेची सायकल सपाट गावात झकास. चांदणी चौकात ती मालकिणीला दगा देईल. हलक्या गिअरमध्ये स्वतःचे पाय भराभर फिरत राहिले की वेग टिकतो आणि वेग टिकला की मोटरीचेही बरे चालते. घरच्या सायकलला पुढच्या चाकात मोटर बसवून देणारेही आहेत. चढावर वजन मागच्या चाकावर जाते, पुढचे चाक हलके होते आणि ओल्या रस्त्यावर, वाळूवर जागीच फिरते. हा उद्योग चढाच्या वाटेसाठी नको.

तिसरी बाब कोणी दाखवल्याशिवाय दिसत नाही. मोटरीला कळते कसे, की आता मदत करायची? साध्या सायकलींत फक्त पायडल फिरते आहे की नाही एवढेच पाहणारी सोय असते. पायडल अर्धा फेरा फिरले की मोटर एकदम जोर लावते, थांबले की क्षणभराने थांबते. महाग सायकलींत पायाचा दाब मोजला जातो. जितका जोर द्याल तितकी साथ. सपाटीवर हा फरक चैनीचा वाटतो. चढावर, सिग्नलला थांबून पुन्हा निघताना तो जाणवतो, कारण पहिला अर्धा फेरा सगळाच स्वतःच्या गुडघ्यांवर असतो. साध्या सोयीच्या सायकलीवर मुठीचा थ्रॉटल असेल तर निघण्यापुरता तो वापरता येतो. थ्रॉटलवरच सबंध चढ चढण्याची सवय लागली की मात्र बॅटरीही लवकर संपते आणि डॉक्टरांचा सल्लाही बाजूला राहतो.

कायद्याचे सोपे आहे. मोटर पाव किलोवॅटच्या आतली आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ही सायकलच. लायसन नको, नंबरप्लेट नको. चढासाठी म्हणून पाचशे-साडेसातशे वॅटची मोटर ‘सायकल’ म्हणून कोणी गळ्यात मारू लागला तर तो मोटारसायकल विकतो आहे. अपघात झाल्यावर विमा कंपनी आणि पोलिस तिला सायकल म्हणणार नाहीत. हेल्मेट कायद्याने लागत नाही, डोक्याला लागते.

चढाची एवढी चर्चा करताना माणसे उतार विसरतात. वीस-पंचवीस किलोची ही सायकल साध्या सायकलीपेक्षा जड असते, आणि माथ्यावरून बावधनकडे उतरताना तिचा वेग पंचवीसवर थांबत नाही. मोटर थांबते, सायकल थांबत नाही. दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक हवेत आणि ब्रेक दाबताच मोटर बंद करणारी सोय हवी. पावसाळ्यात घासून झिजलेल्या रबराच्या ब्रेकवर हा उतार उतरणे म्हणजे देवावर भार टाकणे. तो दशभुजा असला तरी!

पुण्याचा पाऊस हाही विचारात घ्यायला हवा. सायकल सरीत भिजली तर बिघडत नाही. बॅटरीचे तोंड आणि तारांचे जोड झाकलेले असतात. पण तुंब्यापर्यंत पाणी साचलेल्या रस्त्यातून ती नेऊ नये आणि धुण्यासाठी पाइपचा फवारा मारू नये. बॅटरी चार्ज करायची ती सायकलबरोबर आलेल्या चार्जरनेच, जागे असताना, आणि घराच्या एकुलत्या एका दरवाजाशी मुळीच नाही. पडलेली, फुगलेली बॅटरी चार्ज करणे हे धाडस नव्हे, अविचार आहे. चढ चढून आलेली गरम बॅटरी तासभर निवू द्यावी. जुन्या सोसायट्यांत जिन्याखाली प्लग नसतो आणि लिफ्टही नसते. म्हणून बॅटरी काढून वर नेता येणे हे चार-दोन हजारांनी महाग पडले तरी घ्यावे. सायकल तिसऱ्या मजल्यावर नेण्याचा विचार करणाऱ्याने आधी पंचवीस किलोची तांदळाची गोणी नेऊन पाहावी.

शाळेतल्या बाईंनी दोन महिने दुकाने पालथी घातली. कर्वेनगरच्या विक्रम पेंडसे यांच्या सायकल संग्रहालयातही त्या मुलाला घेऊन एका रविवारी जाऊन आल्या. तिथे दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनलेली घडीची सायकल पाहून मुलगा म्हणाला, “आई, तुला ही चालेल. वरून उडी मारायची, चढच नाही!” बाई हसल्या, पण त्या दिवशी त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की झाली. दीडशे वर्षांच्या सायकलींत किती रूपे झाली, आणि प्रत्येक रूप कोणाच्या तरी नेमक्या गरजेतून आले. त्यांची गरज त्यांनी कागदावर लिहिली. दांडी खाली वाकलेली, साडी नेसून किंवा सलवार-कमीज घालून बसता येईल अशी. कॅरिअर आणि त्यावर वह्यांचा गठ्ठा. मडगार्ड आणि चेनला कव्हर. सात गिअर. मोठी, निघणारी बॅटरी. दिवा पुढे-मागे.

अशा सायकली दुकानात मांडलेल्यांमध्ये थोड्याच निघाल्या. जाड टायरच्या, डोंगरात उड्या मारणाऱ्या तरुणांच्या चित्रांच्या सायकली भरपूर. वह्या नेणाऱ्या बाईची सायकल कोपऱ्यात. विकणाऱ्यांना गिऱ्हाईक अजून नीट दिसलेले नाही असेच म्हणावे लागते. किमती पंचवीस-तीस हजारांपासून सुरू होतात आणि दाब मोजणारी सोय मागितली की भराभर वर जातात. बाईंनी दाब मोजणारी सोय सोडली, थ्रॉटल असलेली निवडली, आणि त्यात वाचलेले पैसे मोठ्या बॅटरीला व चांगल्या ब्रेकला घातले. गुडघे दुखत असते तर हा निर्णय उलटा करायला हवा होता.

पैसे देण्यापूर्वी त्यांनी एक अट घातली. दुकानासमोरच्या सपाट गल्लीत दोन चकरा मारून ‘ट्रायल’ घ्यायला त्यांनी नकार दिला. “मला पौड रस्त्यावर न्यायची आहे. तीही बॅटरी निम्मी असताना,” त्या म्हणाल्या. दुकानदार आधी कुरकुरला, मग माणूस सोबत देऊन तयार झाला. पिशवीत वह्यांचे दोन गठ्ठे आणि पाण्याची बाटली घालून, दुपारी बारा वाजता, उन्हात, भुसारी कॉलनीच्या पुढे ऐन चढावर त्या मुद्दाम थांबल्या आणि पुन्हा निघाल्या. पहिल्यांदा सायकल जराशी मागे सरकली. गिअर अवजड राहिला होता. दुसऱ्यांदा थांबण्याआधी हलका गिअर टाकला, थ्रॉटलला किंचित हात लावला, पाय फिरू लागले आणि सायकल सरळ वर गेली. माथ्यावर पोहोचून त्यांनी मोटरीच्या तुंब्याला हात लावून पाहिला. कोमट होता, चटका बसला नाही. उतरताना दोन्ही ब्रेक दाबून पाहिले. पुढचा जरा सैल निघाला. तो तिथल्या तिथे आवळून घेतला.

जूनपासून त्या पाषाणला सायकलने जात आहेत. रोज नाही, आठवड्यातून तीन किंवा चार दिवस. मुसळधार पाऊस असला, शिक्षक-पालक सभा असली, की बस. जायला पस्तीस मिनिटे लागतात. चांदणी चौकाचा पुलांचा तुकडा त्या अजूनही सायकलवर बसून ओलांडत नाहीत. कडेला उतरतात, सायकल हातात धरतात, वाहनांची रांग तुटण्याची वाट पाहतात. तिथे सायकलसाठी वेगळी वाट हवी, हे त्या भेटेल त्याला सांगतात. कोणत्या रॅम्पवर सकाळी सव्वासातला किती ट्रक असतात हे त्यांना आता पाठ झाले आहे. गेल्या महिन्यात शाळेतल्या आणखी दोघींनी त्यांच्याकडे चौकशी केली. एकीचे घर सूस रस्त्याला, चढ कमी. तिला त्यांनी लहान बॅटरी आणि हलकी सायकल सांगितली. दुसरी वारज्याहून येते. तिला म्हणाल्या, “आधी एका रविवारी माझी सायकल घेऊन तुमच्या वाटेने जाऊन या. मग बोलू.”